खेकडा आख्खा शिजवावा कसा, खावा कसा
(शेतकरी मंडळींच्या कार्यक्रमात झालेले भाषण)



मृग कोरडा गेला तर शेतकऱ्याच्या तोंडचं पाणी पळतं, आणि मृग बरसला की आमच्या कोकणातल्या पोरांच्या तोंडाला पाणी सुटतं. पहिल्या चार सरी पडल्या, पऱ्ह्याला पाणी आलं की रात्री बत्ती घेऊन मुठे धरायला जायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. शेतातल्या आणि ओढ्यातल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्याला आम्ही मुठा म्हणतो. खाडीतल्या मोठ्या खेकड्याला रायगडकडे चिंबोरी म्हणतात, सिंधुदुर्गात कुर्ली म्हणतात. घाटावर सगळ्यांना मिळून खेकडा हे एकच नाव. नाव काहीही असो, पानात पडला की माणूस बोलायचं थांबतो, एवढं मात्र सगळीकडे सारखं.

आज मी खेकड्याच्या कालवणाची कृती सांगायला आलेली नाही. कालवण आपापल्या घरचं, आपापल्या वाटणाचं. मला बोलायचं आहे ते त्याच्या आधीचं. खेकडा कुठला आणावा, तो जिवंत आहे ना हे कसं पाहावं, आख्खा कसा उकडावा आणि उकडल्यावर त्यातलं काय खावं, काय टाकावं. हे सांगावंसं वाटलं त्याला कारण आमच्याच घरात घडलेली एक गोष्ट आहे. ती आधी सांगते.

आषाढातले दिवस होते. लावणी चालली होती. माझा धाकटा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा. दुपारी शाळेतून येताना तो आणि त्याचे दोघे सोबती बांधावरून सात-आठ मुठे घेऊन आले. दिवसभर चिखलात वाकून आलेली मी, रात्रीच्या जेवणाची सोय झाली म्हणून मला आनंदच झाला. पाणी तापत ठेवलं, मुठे धुतले आणि टोपात टाकले. सासूबाई ओटीवर बसल्या होत्या. त्यांनी नातवाला विचारलं, "दिवसाढवळ्या एवढे मुठे गावले कसे रे तुम्हांला?" तो म्हणाला, "आजी, ते पळतच नव्हते. नुसते बसले होते." सासूबाई उठूनच आल्या. म्हणाल्या, "न पळणारा मुठा कुठं असतो काय?" तेवढ्यात शेजारचे काका पायाचा चिखलही न धुता अंगणात आले. "वयनी, टोप उतरवा आधी! आमच्या खालच्या कुणग्यात काल औषध टाकलंय. पोरं तिथंच वाकलेली मी लांबून बघितली."

काकांनी बिळांच्या तोंडाशी विषारी आमिषाच्या गोळ्या ठेवल्या होत्या. मुठे बांध पोखरतात, पाणी निघून जातं, कोवळी रोपं कुरतडतात, म्हणून ठेवल्या होत्या. वाडीत कुणाला सांगायचं मात्र त्यांना सुचलं नव्हतं. टोप उतरवला, पाण्यापासून लांब खड्डा काढून सगळं पुरलं, पोरांचे हात साबणानं धुतले. तिघांनाही काही झालं नाही, कारण घास तोंडात गेला नव्हता. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. काकांना दोष देऊन काय करू? आमच्या शेतात आम्हीही तेच करत होतो, आणि आम्हीही कुणाला सांगत नव्हतो.

तेव्हापासून माझ्या घरचा नियम झाला : खेकडा कुठला आहे हे कळल्याशिवाय पाणी तापत ठेवायचं नाही.

खेकडा कुठला?

शेतातला मुठा खायचा असेल तर तो आपल्या माहितीच्या जागेतला हवा. ज्या शेतात किंवा ज्याच्या वरच्या अंगाच्या शेतात त्या हंगामात कीटकनाशक फवारलं आहे, दाणेदार औषध टाकलं आहे किंवा आमिष ठेवलं आहे, तिथला मुठा खाऊ नये. शिजवल्यानं विष जातं असं समजून चालू नये. पूर्वी भातात सर्रास वापरलं जाणारं फोरेट हे दाणेदार औषध फार जहाल होतं. २०२० सालच्या अखेरीपासून देशात त्यावर बंदी आहे. कुणाच्या माळ्यावर जुना डबा राहिला असेल तर तो वापरू नये, ओढ्यात तर मुळीच ओतू नये. कृषी विभागाच्या अधिकाऱ्यांना विचारून त्याची विल्हेवाट लावावी.

ज्यांना आमिष ठेवावंच लागतं, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. ठेवण्याआधी वाडीत सांगा. बांधावर काठी रोवून लाल फडकं बांधा. पोरांना शाळेच्या वाटेवरच बजावा. मेलेले मुठे रोज गोळा करून पुरून टाका, नाहीतर कोंबड्या, कुत्री आणि बगळे ते खातात. आणि खरं सांगायचं तर बत्ती घेऊन रात्री मुठे धरणं, बिळं चिखलानं लिंपून बांध तुडवून घट्ट करणं, हाही बंदोबस्तच आहे. त्यात बांधही वाचतो आणि कालवणही होतं.

मुठे धरताना एक पाहावं. मादीच्या पोटावरची झडप रुंद आणि गोल असते, नराची अरुंद आणि टोकदार. पावसाच्या सुरुवातीला कित्येक माद्यांच्या झडपेखाली अंडी किंवा इवली इवली पिल्लं चिकटलेली असतात. गोड्या पाण्यातल्या खेकड्याची पिल्लं आईच्या पोटाशीच वाढतात. अशी मादी सोडून द्यावी. एक मादी सोडली तर पुढच्या पावसाची बेगमी होते.

खाडीची चिंबोरी घ्यायची तर कारखान्याचं किंवा गटाराचं पाणी जिथं येतं तिथली घेऊ नये. चिंबोरी तळाशी राहणारी, मिळेल ते खाणारी. पाण्यातली घाण तिच्या पोटात साठते.

जिवंत आणि भरलेला

खेकडा घ्यावा तो जिवंतच. ही गोष्ट चवीपुरती नाही. खेकडा मेला की त्याच्या पोटातले पाचक रस त्याचंच मांस विरघळवू लागतात आणि जंतू झपाट्यानं वाढतात. काही जंतू असं विष तयार करतात की ते उकळूनही जात नाही. म्हणून बाजारात "आत्ताच मेलीय, ताई" असं कुणी म्हणालं तरी ती घेऊ नये. निम्म्या किमतीत मिळाली तरी नको. डोळ्याजवळ बोट नेलं की डोळा आत ओढतो, पाय उचलला की मागे घेतो, तो जिवंत. पाय लोंबतात, उचलला तरी हालचाल नाही, वास येतो, तो टाकण्यातला.

आता भरलेला कसा ओळखायचा? अमावास्येची चिंबोरी भरलेली आणि पुनवेची पोकळ असं आमच्याकडे म्हणतात. पण तिथीपेक्षा हाताला विचारावं. खेकडा वाढताना जुनं कवच टाकतो आणि नवं धरतो. नुकतंच कवच टाकलेला खेकडा आकारानं मोठा दिसतो, पण आत पाणीच पाणी असतं. म्हणून सारख्या आकाराच्या दोन चिंबोऱ्यांतली जड घ्यावी. पोटाकडून शेवटच्या पायांच्या मुळाशी अंगठ्यानं दाबून पाहावं. कडक लागलं तर भरलेली, दबलं तर पोकळ. कवचावर जुनेपणाचा मळकट रंग असेल तर बहुधा मांस चांगलं निघतं. नवंकोरं चकचकीत कवच पाहून भुलू नये.

घरी आणल्यावर

चिंबोरीचे डेंगे, म्हणजे नांग्या, सुतळीनं बांधलेल्या असतात. त्या शिजवायच्या वेळेपर्यंत सोडू नयेत. तिला गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवू नये, आणि प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधूनही ठेवू नये. दोन्ही प्रकारांत ती गुदमरून मरते. टोपलीत ठेवून वर ओलं गोणपाट टाकावं आणि टोपली सावलीत ठेवावी.

मुठ्यांचं थोडं वेगळं आहे. ते चिखल खातात. म्हणून पसरट भांड्यात दोन बोटं स्वच्छ पाणी घालून त्यात ते रात्रभर ठेवावेत, पाणी दोनदा बदलावं. वर जड झाकण ठेवावं, नाहीतर सकाळी मुठे चुलीमागे आणि पोरं पलंगावर अशी अवस्था होते.

कुणाच्या बोटाला डेंगा लागलाच तर ओढू नये. ओढलं की तो आणखी आवळतो. हात तसाच पाण्यात किंवा जमिनीला टेकवावा. पायाला आधार मिळाला की खेकडा बहुधा आपणहून सोडतो.

आख्खा कसा उकडावा

सळसळत्या पाण्यात जिवंत खेकडा एकदम टाकला तर तो धडपडतो, पाय झाडून टाकतो, आणि सांध्यातून आतला रस पाण्यात उतरतो. त्याला नाहक यातना होतात आणि आपलंही नुकसान होतं. म्हणून आधी अर्धा तास बर्फात पुरून ठेवावा, किंवा शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावा. मासळी बाजारात बर्फ मिळतोच. गारठला की तो निपचित पडतो. मग बांधलेली दोरी कापून काढावी. आजकाल बऱ्याचदा दोरी प्लास्टिकची असते, ती टोपात जाऊ देऊ नये. काथ्यानं किंवा जुन्या ब्रशानं सांध्यांतली रेती घासून काढावी आणि लगेच उकळत्या पाण्यात घालावा.

पाणी किती? खेकडा बुडून वर चार बोटं राहील इतकं. खाडीच्या चिंबोरीला एक लिटर पाण्याला साधारण ३० ग्रॅम मीठ घालावं, म्हणजे पाणी समुद्राइतकं खारट होतं आणि मांसाची चव पाण्यात उतरत नाही. पाण्याला खळखळून उकळी आल्यावरच खेकडा घालावा. घातल्यावर उकळी बसते. ती पुन्हा आली की तिथून वेळ मोजावा. अर्ध्या किलोच्या चिंबोरीला १५ मिनिटं, किलोभराच्या चिंबोरीला २० ते २५ मिनिटं. मुठा लहान असला तरी त्याला १५ मिनिटांच्या आत उतरवू नये.

इथं पुष्कळ जणी फसतात. खेकडा दोन-तीन मिनिटांतच तांबडा-केशरी होतो. हा रंग कवचात आधीपासूनच असतो, उष्णतेनं तो मोकळा होतो इतकंच. म्हणजे रंग बदलला याचा अर्थ कवच तापलं, आतलं मांस शिजलं असं नाही. मांस पांढरं, घट्ट आणि कवचापासून सुटलेलं दिसलं पाहिजे. ते काचेसारखं पारदर्शक किंवा चिकट असेल तर पुन्हा उकळावं.

उकडून झाला की पोटाची बाजू वर करून परातीत ठेवावा. त्यामुळे आतला रस पाठीच्या कवचात वाटीसारखा राहतो.

मुठा कच्चा राहिला तर काय होतं?

गोड्या पाण्यातल्या खेकड्याच्या मांसात एका चपट्या कृमीची सूक्ष्म पिल्लं असू शकतात. आधी ती पाण्यातल्या गोगलगायीत वाढतात, मग खेकड्यात शिरतात. असा खेकडा माणसानं कच्चा किंवा अर्धवट शिजलेला खाल्ला तर ती आतड्यातून निघून फुप्फुसात जाऊन बसतात. मग महिनोन्‌महिने खोकला, छातीत दुखणं आणि थुंकीतून रक्त. लक्षणं हुबेहूब क्षयासारखी, त्यामुळे रोग्याला क्षयाचं औषध चालू राहतं आणि गुण येत नाही. आपल्या देशात मणिपूर, नागालँड, अरुणाचल प्रदेश या भागांत हा रोग आढळला आहे. तो ओळखला गेला तर त्यावर चांगलं औषध आहे. पण आपण तिथून लांब आहोत म्हणून निर्धास्त राहू नये. गोगलगाय आपल्या ओढ्यातही आहे आणि मुठाही आहे. मीठ, कोकम, लिंबू किंवा तिखट लावून ठेवल्यानं ही पिल्लं मरतील असा भरवसा धरू नये. ती नक्की मरतात ती खळखळत्या पाण्यात, पुऱ्या वेळानं.

म्हणून खोकल्यावर किंवा अशक्तपणावर मुठ्याचा कच्चा रस काढून देण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नये. रस द्यायचाच तर चांगला उकळून द्यावा.

आणखी एक. आपण लहान पाय पाट्यावर ठेचून, रस गाळून कालवणात घालतो. कच्चे मुठे ठेचलेल्या पाट्यावरच पुढे कोथिंबिरीची चटणी वाटली, तर शिजवण्याची सगळी खबरदारी फुकट गेली. मी आता मुठे आधी आख्खे उकडते, पाय मागाहून ठेचते, रस गाळते आणि कालवणात पुन्हा उकळते. सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या, "चव उतरली." दुसऱ्या खेपेला काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या खेपेला वाटी पुढे केली.

फोडावा कसा, खावा कसा

आख्खा खेकडा खाणं हे सवडीचं जेवण आहे. केळीच्या पानावर घ्यावा. वर्तमानपत्रावर नको, त्याची शाई अन्नाला लागते. शेजारी कवचं टाकायला एक ताटली आणि हात धुवायला कोमट पाणी ठेवावं.

आधी डेंगे आणि पाय मुळाशी पिरगळून काढावेत. मग पोटावरची झडप उचलून तोडावी. मागच्या बाजूनं अंगठा घालून पाठीचं कवच वर उचलावं. आत दोन्ही बाजूंना करड्या रंगाचे पिसांसारखे मऊ कल्ले दिसतात. ते सगळे काढून टाकावेत. डोळ्यांच्या मागे कवचात एक लहानशी पिशवी असते, ते त्याचं जठर. त्यात रेती आणि घाण असते, तीही टाकावी. शेंदरी घट्ट दिसते ती गाबोळी, ती खायची.

राहिला तो पिवळट-तपकिरी मऊ गर. तो कित्येकांना फार आवडतो. पण तो खेकड्याच्या यकृताचा भाग. पाण्यातली औषधं आणि कॅडमियमसारखे धातू मांसापेक्षा तिथं जास्त साठतात. स्वच्छ खाडीतल्या चिंबोरीचा थोडा खाल्ला तर हरकत नाही. मुठ्याचा मात्र मी टाकतेच, आणि गरोदर बाईला व लहान मुलांना कुठल्याच खेकड्याचा देत नाही.

धडाचे मधोमध दोन तुकडे करावेत. प्रत्येक पायाच्या मुळाशी एकेक खण असतो, त्यातलं मांस काडीनं किंवा खेकड्याच्याच पायाच्या टोकानं काढावं. डेंगा फोडायला वरवंट्याचा एकच बेताचा घाव पुरे. जोरात हाणला तर कवचाच्या कपच्या मांसात घुसतात आणि दाताखाली किंवा घशात लागतात. लहान पायांना सुपारीचा अडकित्ता फार कामाला येतो. आमच्या घरी सुपारी खाणारं कुणी उरलं नाही, पण अडकित्ता अजून आहे तो एवढ्यासाठीच. लहान मुलांना मांस आपण काढून, बोटांनी चाचपून मगच द्यावं.

सोबत काय? चार पाकळ्या लसूण, एक हिरवी मिरची आणि मीठ ठेचावं, त्यात चमचाभर कोकमाचं आगळ आणि थोडं खोबरेल तेल घालावं. त्यात बुडवून पांढरं मांस खावं. तांदळाची भाकरी आणि मागाहून सोलकढी. कालवण करायचं असेल तर उकडलेले अर्धे तुकडे वाटणात घालून पाच-सात मिनिटं उकळी द्यावी.

उरलेला खेकडा पावसाळी हवेत झाकून सकाळपर्यंत ठेवू नये. दोन तासांच्या आत मांस काढून शीतकपाटात ठेवावं, दुसऱ्या दिवशी खळखळून उकळून संपवावं. ही सोय नसेल तर लागतील तेवढेच उकडावेत.

कुणी जपावं?

खेकड्यात प्रथिनं भरपूर आणि चरबी कमी. पण काहींना तो मुळीच मानवत नाही, आणि हा दोष शिजवल्यानं जात नाही. पहिल्यांदा खाणाऱ्या मुलाला एकच घास देऊन वाट पाहावी. तोंडाला खाज, ओठ सुजणं, अंगावर गांधी उठणं अशी लक्षणं दिसली तर पुन्हा देऊ नये. श्वास लागला तर घरगुती उपायात वेळ न दवडता १०८ क्रमांकाला फोन करावा किंवा जवळचा दवाखाना गाठावा. रक्तात युरिक आम्ल वाढून सांधे धरणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून खावा.

खेकडा खाल्ल्यावर घाम, लाळ, उलट्या, जुलाब सुरू झाले, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, तर औषधाच्या विषाची शंका घ्यावी. ताबडतोब रुग्णालयात न्यावं आणि शेतात वापरलेल्या औषधाची पुडी किंवा बाटली सोबत न्यावी. ती पाहून डॉक्टरांना उपचार लवकर ठरवता येतो.

थोडक्यात लक्षात ठेवावे

१. औषध टाकलेल्या शेतातला आणि घाण पाण्यातला खेकडा खाऊ नये.
२. दिवसा सुस्त बसलेला, न पळणारा मुठा उचलू नये. मुलांना हे आवर्जून सांगावे.
३. मेलेला खेकडा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.
४. आधी गारठवावा, मग उकळत्या पाण्यात आख्खा घालावा. पुन्हा उकळी आल्यापासून वेळ मोजावा.
५. रंगावर विसंबू नये. मांस पांढरे व घट्ट झाले पाहिजे.
६. कल्ले आणि जठराची पिशवी टाकावी. मुठ्याचा तपकिरी गरही टाकावा.
७. कच्च्या खेकड्याला लागलेला पाटा, विळी आणि हात साबणाने धुवावेत.
८. आमिष ठेवणाऱ्याने वाडीत सांगावे आणि बांधावर लाल फडके बांधावे.

बंधूंनो आणि भगिनींनो, त्या दिवसानंतर आमच्या वाडीनं ठरवलं की औषध टाकायचं त्या दिवशी सकाळी प्रत्येक घरी निरोप द्यायचा. पहिला निरोप काकांनीच दिला. आता पोरंसुद्धा मुठे धरायला जाण्याआधी विचारून जातात, "आज कुणाच्या बांधावर लाल फडकं आहे?" तुमच्या वाडीतही असा निरोप सुरू व्हावा, आणि तुमच्या पानात पडेल तो खेकडा जिवंत पाण्यातून, स्वच्छ जागेतून आणि पुरा शिजून यावा, एवढंच माझं मागणं आहे.